इव्हॅक्युएट : जागा रिकामी करणं आणि माणसं हलवणं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कृष्णाकाठच्या एका गावात तुम्ही आठवीला इंग्रजी शिकवता. वाचनात ‘द व्हिलेजर्स वेअर इव्हॅक्युएटेड’ असं वाक्य आलं आणि एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे गावातली माणसं पळून गेली का?’ तुम्ही शब्दकोश उघडला तर पहिलाच अर्थ ‘रिकामे करणे’. आता ‘गावकरी रिकामे केले गेले’ हे काही जुळेना. त्यातच पावसाळ्यात तुमच्या शाळेत निवारा केंद्र असतं आणि गावात लावायची सूचना मराठीत लिहून द्यायचं काम मुख्याध्यापकांनी तुमच्याकडे सोपवलं आहे. म्हणजे शब्दाचा नेमका अर्थ काय, तो वापरायचा कसा आणि मराठीत त्याला काय म्हणायचं, हे तिन्ही तुम्हाला हवं आहे.

गेली सत्तावीस वर्षं मी कारखान्यांच्या सुरक्षा सूचना, मॉक ड्रिलचे, म्हणजे संकटाच्या सरावाचे, फलक, आपत्ती व्यवस्थापनाच्या पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणतो आहे. या एका क्रियापदावर मी जितका वेळ घालवला तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दावर घालवला असेल. म्हणून उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

शब्दकोशाने तुम्हाला चुकीचं सांगितलेलं नाही, तो फक्त मुळापासून सुरुवात करतो. हा शब्द लॅटिनमधला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘व्हॅकुअस’ म्हणजे रिकामा. व्हॅक्यूम क्लीनरमधला व्हॅक्यूम, नोकरीतली व्हेकन्सी, शाळेची व्हेकेशन ही सगळी त्याच घरातली भावंडं. इंग्रजीत त्याचा वापर आधी वैद्यकात रुळला : पोट साफ होणं, शरीरातलं नको ते बाहेर निघणं. पुढे लष्कराने तो उचलला. सैन्य एखादा किल्ला, एखादं ठाणं सोडून निघालं की ते ठाणं ‘इव्हॅक्युएट’ केलं असं म्हणू लागले. सामान्य माणसांना धोक्याच्या जागेतून हलवणं हा आज आपल्याला सर्वात ओळखीचा असलेला अर्थ त्यानंतरचा आहे.

हा क्रम मुलांना सांगाच, कारण शब्दाचा स्वभाव त्यातूनच कळतो. या क्रियापदाची नजर आधी जागेवर असते. जागा भरलेली होती, ती रिकामी झाली. माणसं त्या वाक्यात आली ती जागेच्या मागून.

वैद्यकातला जुना अर्थ अजून जिवंत आहे. गर्भपातानंतर पिशवी साफ करतात त्याचा उल्लेख डिस्चार्जच्या कागदावर ‘सक्शन इव्हॅक्युएशन’ असा असतो. अपघातात डोक्याला मार बसून रक्त साकळलं आणि ते शस्त्रक्रियेने काढलं तर कागदावर ‘हिमॅटोमा इव्हॅक्युएशन’ लिहितात. असा कागद घेऊन एक बाई माझ्याकडे अर्थ विचारायला आल्या होत्या. इव्हॅक्युएशन हा शब्द त्यांनी टीव्हीवर पुराच्या बातमीत ऐकला होता आणि आपल्याला दुसऱ्या दवाखान्यात हलवणार आहेत असा त्यांचा समज झाला होता. ‘पिशवी साफ केली’ एवढे तीन शब्द त्या कागदावर मराठीत असते तर त्यांची ती रात्र काळजीत गेली नसती.

आपल्याकडच्या उद्योगधंद्यातही हा शब्द ऐकू येतो. बंदरावर उतरलेले कंटेनर बाहेर काढणं म्हणजे कार्गो इव्हॅक्युएशन, खाणीतला कोळसा उचलून नेणं म्हणजे कोल इव्हॅक्युएशन, सौर प्रकल्पात तयार झालेली वीज ग्रीडपर्यंत वाहून नेणं म्हणजे पॉवर इव्हॅक्युएशन. यात धोका कुठेच नाही. पण आधीची जागा मोकळी झाली नाही तर पुढचं काम अडतं, हा ‘रिकामं करण्या’चा मूळचा अर्थ तिथेही शाबूत आहे. तुमच्या विद्यार्थ्यांपैकी कुणी पुढे अशा कंपनीत लागला तर त्याला हा अर्थ भेटणार आहे.

आता वाक्यात तो कसा बसतो ते पाहू. इव्हॅक्युएट तीन प्रकारे चालतं. पहिला प्रकार, जागा हे कर्म : ‘द पोलीस इव्हॅक्युएटेड द बिल्डिंग’. पोलिसांनी इमारत रिकामी केली. दुसरा, माणसं हे कर्म : ‘द पोलीस इव्हॅक्युएटेड द रेसिडेंट्स’. पोलिसांनी रहिवाशांना बाहेर काढलं. तिसरा, कर्मच नाही : ‘द रेसिडेंट्स इव्हॅक्युएटेड’. रहिवासी बाहेर पडले. तुमच्या धड्यातलं वाक्य दुसऱ्या प्रकाराचं कर्मणी रूप आहे. गावकऱ्यांना कुणीतरी हलवलं, कुणी ते सांगितलेलं नाही. तिथे ‘रिकामे करणे’ हा अर्थ बसवायला गेलात म्हणून वाक्य मोडलं. पहिल्या प्रकाराचा अर्थ दुसऱ्या प्रकाराच्या वाक्याला लावला गेला, चूक एवढीच.

इंग्रजी वृत्तपत्रांत काही जुने संपादक या दुसऱ्या प्रकारावर हटकून लाल शाई फिरवायचे. त्यांचं म्हणणं, इव्हॅक्युएट करतात ती जागा, माणूस नव्हे. माणसाला इव्हॅक्युएट करणं म्हणजे पोट साफ करायला त्याला एनिमा देणं. व्युत्पत्तीच्या अंगाने त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण भाषा कधीच पुढे निघून गेली होती. आज माणसं हे कर्म घेऊन लिहिलेलं वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे, परीक्षेत निर्धास्त वापरू द्या. कुठून आणि कुठे हे सांगायला ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ लावायचं : फ्रॉम द व्हिलेज टू द स्कूल. जागा कर्म असेल तेव्हा मात्र ‘फ्रॉम’ येत नाही. ‘दे इव्हॅक्युएटेड फ्रॉम द बिल्डिंग’ म्हटलं की ते स्वतः निघाले, ‘दे इव्हॅक्युएटेड द बिल्डिंग’ म्हटलं की इमारतीत कुणी उरलं नाही. उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर, ‘व्हॅ’वर. आणि मुलं याच्यात आणि ‘इव्हॅल्युएट’मध्ये घोटाळा करतात. ते मूल्यमापन, उत्तरपत्रिका तपासणं, त्याचं मूळच वेगळं. दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून मधलं एक अक्षर खडूने गोल केलं की घोटाळा थांबतो.

‘इव्हॅक्युई’ म्हणजे ज्याला हलवलं तो माणूस. हा शब्द घराघरात पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि ती हकिगत वर्गात जरूर सांगा. १ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने लंडन आणि इतर मोठ्या शहरांतली मुलं खेड्यांकडे पाठवायला सुरुवात केली. युद्ध पुकारलं गेलं ते ३ सप्टेंबरला, म्हणजे दोन दिवसांनी. तीनच दिवसांत सुमारे १५ लाख जणांना हलवण्यात आलं. बहुतेक शाळकरी मुलं, शिवाय लहान बाळं असलेल्या आया, गरोदर स्त्रिया आणि मुलांसोबत त्यांचे शिक्षक. प्रत्येक मुलाच्या कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कची पेटी आणि हातात थोडंसं सामान. शहरांवर बॉम्ब पडायला तेव्हा सुरुवातही झाली नव्हती. काही महिने काहीच घडलं नाही, तेव्हा पुष्कळ आयांनी मुलांना परत घरी आणलं.

या एका प्रसंगात शब्दाचे सगळे कंगोरे दिसतात. धोका यायच्या आधी निघणं. कुणीतरी विचार करून तसं ठरवणं. कोण कुठे जाणार याची व्यवस्था असणं. आणि धोका टळला की परत येण्याची वाट मोकळी असणं. परत येणं नेहमी शक्य होतंच असं नाही, पण निघताना गृहीत तेच असतं. तुमच्या विद्यार्थ्याने ‘पळून गेले का’ असं विचारलं. त्याला सांगा, पळणारा माणूस एकटा ठरवतो आणि वाट फुटेल तिकडे जातो. इव्हॅक्युएट झालेल्या माणसाच्या पायाखाली कुणीतरी आधीच आखून ठेवलेली वाट असते.

मे १९४०च्या अखेरीस फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावर मात्र चित्र वेगळं होतं. तिथे धोका डोक्यावर आलेला होता. २६ मे ते ४ जून या काळात ३ लाख ३८ हजारांवर सैनिक समुद्रमार्गे ब्रिटनला नेण्यात आले. हीसुद्धा इव्हॅक्युएशनच, कारण जहाजं, वेळापत्रक आणि हुकूम होते. जर्मन सैन्याचा वेढा पडत आलेला असूनही तिला कुणी पळापळ म्हणत नाही.

आता शेजारचे शब्द. खरी मेख इथेच आहे, कारण मराठीत यांतल्या तिघाचौघांना आपण एकच शब्द लावतो.

‘फ्ली’ म्हणजे भीतीने पळ काढणं, भूतकाळी रूप ‘फ्लेड’. युद्ध पेटलं, माणसं हाती लागेल ते घेऊन सीमेकडे निघाली, तर ती फ्ली झाली. ‘एस्केप’ म्हणजे निसटणं, कुणाच्या तरी तावडीतून किंवा एखाद्या संकटातून जेमतेम. त्याची व्युत्पत्ती मला फार आवडते : ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘काप्पा’ म्हणजे अंगावरचा झगा. पकडणाऱ्याच्या हातात झगा ठेवून माणूस निसटला! त्यामुळे एस्केपमध्ये नेहमी एक पकड असते, तुरुंगाची, शत्रूची किंवा मृत्यूची. १३ जुलै १६६०च्या सुमारास शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे गेले, तो एस्केप. ऑगस्ट १६६६मध्ये आग्र्याच्या कैदेतून निघाले, तोही एस्केप.

आणि इथेच मराठीची एक गंमत आहे. आपण म्हणतो ‘आग्र्याहून सुटका’. महाराज स्वतःच्या बुद्धीने सुटले, कुणी त्यांना सोडवलं नाही. पण उद्याच्या वर्तमानपत्रात ‘ओलिसांची सुटका’ असं आलं तर तिथे त्यांना दुसऱ्या कुणीतरी सोडवलेलं असतं. ‘पुरात अडकलेल्यांची सुटका’ म्हटलं तर तिथे ‘रेस्क्यू’ अभिप्रेत असतो. एस्केप, रिलीज आणि रेस्क्यू या तिन्हींचं ओझं आपली ‘सुटका’ एकटीच वाहते. हा दोष नाही, संदर्भाने आपल्याला कळतं. पण मराठीतून इंग्रजीत जाताना मुलं इथे हमखास घसरतात. त्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवा : स्वतः सुटला, की कुणी सोडवला?

‘रेस्क्यू’ आणि ‘इव्हॅक्युएट’ यांतला फरक मी प्रशिक्षणात महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या उदाहरणाने समजावतो. २६ जुलै २०१९च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली ही गाडी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) आणि नौदलाच्या पथकांनी बोटींनी हजाराहून अधिक प्रवासी बाहेर काढले. हा रेस्क्यू. माणसं संकटात सापडली होती, मग सोडवली. तेच, ऑक्टोबर २०१३मध्ये फायलिन वादळ ओडिशाच्या किनाऱ्यावर यायच्या आधी तिथल्या सरकारने सुमारे दहा लाख माणसं आतल्या भागात आणि निवाऱ्यांत नेली. ही इव्हॅक्युएशन. त्याच किनाऱ्यावर १९९९च्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली होती. फायलिनमध्ये बळींची संख्या काही डझनांत राहिली. इव्हॅक्युएशन वेळेत झाली की रेस्क्यूचं काम कमी उरतं. दोन शब्दांमधलं अंतर हे बऱ्याचदा काही तासांचं असतं.

‘व्हेकेट’ला धोक्याची गरज नाही. भाडेकरू खोली सोडतो, हॉटेलात बारा वाजता रूम सोडायची असते, ते व्हेकेट. ‘इव्हिक्ट’ म्हणजे कायद्याने किंवा जबरीने बाहेर काढणं. ‘अबॅन्डन’ म्हणजे परत यायचा विचार सोडून सोडणं. कप्तान ‘अबॅन्डन शिप’ म्हणतो तेव्हा जहाज वाचवायची आशा त्याने सोडलेली असते. परदेशी अडकलेल्या आपल्या माणसांना मायदेशी आणणं याला ‘रिपॅट्रिएट’ हा स्वतंत्र शब्द आहे, तरी बातम्यांत तिथेही सर्रास इव्हॅक्युएट वापरतात, आणि युद्धभूमीतून आणलं असेल तर ते योग्यच आहे. १९९०मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर सुमारे १ लाख ७० हजार भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले. नागरी विमानांनी केलेल्या सर्वात मोठ्या इव्हॅक्युएशनमध्ये तिची गणना होते. २०२२मध्ये युक्रेनमधून आलेल्या विद्यार्थ्यांबद्दल आपल्या बातम्यांत ‘सुटका’ही आलं आणि ‘मायदेशी आणलं’ही आलं. मला दुसरं अधिक पटलं. त्या मुलांना कुणी कैद केलेलं नव्हतं.

विमानाचं निघालंच आहे तर आणखी एक. विमान थांबल्यावर आपण रोज उतरतो ते ‘डिसेम्बार्क’. कर्मचारी ‘इव्हॅक्युएट, इव्हॅक्युएट’ असं ओरडतात ते वेगळं. तेव्हा बॅगेला हात लावायचा नसतो, घसरगुंडीवरून निघायचं असतं. मोठ्या विमानाला परवानगी मिळण्यापूर्वी निम्मीच दारं वापरून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवून द्यावं लागतं. २ जानेवारी २०२४ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण गेले. पण प्रवासी विमानातले ३७९ही जण बाहेर आले, आणि सामान मागे सोडून आले. मुलांना इव्हॅक्युएटचं चित्र डोळ्यांपुढे हवं असेल तर याहून चांगलं चित्र माझ्याकडे नाही.

आता तुमच्या सूचनेकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे.

इंग्रजीत एक शब्द आहे म्हणून मराठीतही एकच प्रतिशब्द ठरवून टाकावा, असा हट्ट मीही सुरुवातीची काही वर्षं धरला. तेव्हा मी ‘निष्क्रमण’ वापरत असे. दिसायला भारदस्त, संस्कृतातून आलेला, कुठेही चिकटवता येणारा. रायगड जिल्ह्यातल्या एका रसायन कारखान्यात ‘निष्क्रमण मार्ग’ अशी हिरवी पाटी लागली. पुढच्या ड्रिलमध्ये भोंगा झाला, कायम कामगार सवयीने बाहेर पडले आणि पॅकिंग विभागातल्या सहा कंत्राटी बाया त्या पाटीखालीच उभ्या राहिल्या. मी विचारलं, इथून का नाही गेलात? त्यातली वयाने मोठी बाई म्हणाली, ‘सायेब, आमाला वाटलं ह्ये दार बंद हाय.’ ‘निष्क्रिय’ हा शब्द त्यांनी बँकेत ऐकला होता, बंद पडलेल्या खात्यासाठी. निष्क्रमण त्यांना तसंच काहीसं वाटलं. निष्क्रमण हा आपल्या सोळा संस्कारांतला एक, तान्ह्या बाळाला पहिल्यांदा घराबाहेर आणण्याचा. शब्द सुंदर आहे, पण तो त्या दारावर नको होता. पुढच्याच आठवड्यात पाटी बदलली : ‘बाहेर पडण्याचा मार्ग’. आपल्या एसटीच्या खिडकीवर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं लिहिलेलं असतं. ज्या कुणी ते लिहिलं त्याला मी मनातून नेहमी नमस्कार करतो. संकट, बाहेर, मार्ग. आणखी काय हवं?

मग ‘स्थलांतर’. बातम्यांत सर्वात जास्त हाच शब्द येतो : ‘तीनशे कुटुंबांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर’. बातमीत तो चालून जातो, कारण वाचणारा घरी बसलेला असतो. पण ज्याला निघायचं आहे त्याच्या कानाला स्थलांतर वेगळं ऐकू येतं. मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास सहा महिन्यांसाठी गाव सोडतात, ते स्थलांतर. नोकरीसाठी पोरगं कायमचं पुण्याला गेलं, ते स्थलांतर. धरणात गाव गेलं, दुसऱ्या जिल्ह्यात जमीन मिळाली, न मिळाली, तेही स्थलांतर. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात या शब्दामागे जमीन जाण्याची, पुनर्वसनाच्या फायलीची आठवण आहे.

ऑगस्ट २०१९च्या पुरात मी काही दिवस स्वयंसेवकांबरोबर सांगली जिल्ह्यात होतो. पाणी अजून गावाच्या खालच्या आळीशी होतं. भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती : ‘सखल भागातील नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे.’ एक आजी ओट्यावर बसून शेंगा निवडत होत्या. त्यांच्या पायरीपासून पाणी साधारण वीस पावलांवर. मी चला म्हटलं तर म्हणाल्या, ‘आता ह्या वयात कुठं जाऊ ऱ्हायला? माझं मढं हितनंच निघूंदे.’ रिक्षा दुसऱ्यांदा गेली, त्यांनी मान वर केली नाही. मग त्यांच्याच भावकीतला एक पोरगा आला आणि म्हणाला, ‘आज्जी, पाणी उतरंस्तवर शाळंत चल. म्हस बी घे संगं, मैदानात बांधायची सोय केलीया. चा तयार हाय.’ आजींनी शेंगांचं सूप उचलून आत ठेवलं, दाराला कडी घातली आणि म्हशीचं दावं सोडलं. सगळं मिळून पाच मिनिटं.

त्या पोराच्या बोलण्यात काय होतं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. किती वेळासाठी (पाणी उतरंस्तवर), कुठे (शाळेत), काय सोबत आणायचं (म्हैस), तिथे काय मिळेल (चहा, जागा). रिक्षावरच्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. तिथे होतं ते ‘नागरिक’, ‘सखल’, ‘तात्काळ’ आणि ‘स्थलांतरित’. ‘सुरक्षित स्थळ’ म्हणजे कुठलं, हेसुद्धा नव्हतं. तेव्हापासून मी सूचनेत स्थलांतर लिहिणं सोडलं. प्रशासनाच्या अहवालात तो शब्द राहू द्या, तिथे त्याची अडचण नाही.

‘घर खाली करा’ हेही टाळा. ती घरमालकाची भाषा आहे, ऐकणाऱ्याला इव्हिक्ट ऐकू येतं. शहरातल्या मोडकळीला आलेल्या इमारतींवर ‘इमारत रिकामी करा’ अशी नोटीस लागते तेव्हा कित्येक रहिवासी हलत नाहीत, त्यामागे एकदा बाहेर पडलो की खोलीवरचा हक्क जाईल ही भीती असते. ‘रिकामी करा’मध्ये परत येण्याचं आश्वासन नाही. ‘पलायन’ तर नकोच. हिंदीत पलायन हे स्थलांतराच्या अर्थाने येतं आणि हल्ली तिथून मराठी बातम्यांत शिरतं आहे, पण मराठी कानाला पलायन करतो तो कैदी किंवा चोर.

मग वापरायचं काय? वर्णन करायचं असेल, म्हणजे धड्यातल्या वाक्याचं भाषांतर, तर ‘हलवणं’. ‘गावकऱ्यांना सुरक्षित जागी हलवण्यात आलं.’ पेशंटला मिरजेला हलवलं असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात काळजी असते, कुणीतरी सोबत असतं, आणि बरं झाल्यावर तो घरी येणार हेही असतं. इव्हॅक्युएटच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं मराठी क्रियापद मला सापडलेलं नाही. जागा हे कर्म असेल तर ‘शाळा रिकामी केली’, ‘इमारतीतून सगळ्यांना बाहेर काढलं’. माणसं स्वतः निघाली तर ‘बाहेर पडली’. प्रत्यक्ष आज्ञा द्यायची असेल तर मात्र कुठलाही पारिभाषिक शब्द नको. ‘निघा’, ‘बाहेर पडा’, ‘शाळेत या’.

एक सावधगिरीची गोष्ट, कारण तुम्ही ड्रिलही घेणार आहात. धोका दिसला की बाहेर पळायचं, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. २ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारा. माणसं झोपेतून उठून रस्त्यावर धावली, अनेक जण वायू जात होता त्याच दिशेने, आणि धावताना लागलेल्या धापेमुळे तो आणखी आत घेतला गेला. रासायनिक गळतीत कित्येकदा दारं-खिडक्या बंद करून, फटींना ओले कपडे लावून आत थांबणं हेच बरोबर असतं, आणि निघायचंच असेल तर वाऱ्याला आडवं. अशा आत थांबण्याला इंग्रजीत ‘शेल्टर इन प्लेस’ म्हणतात, ‘जागेवरच आसरा’. इव्हॅक्युएट हा निर्णय आहे. तो धोका कुठला ते पाहून घेतला जातो. तुमच्याकडे पुराचा धोका आहे, तिथे वेळेत निघणं हाच मार्ग. पण मुलं उद्या तारापूरला, लोटे परशुरामला रसायन कारखान्यांत नोकरीला जातील.

तुमच्यासाठी सूचनेचा मसुदा देतो. गावच्या बोलीप्रमाणे बदला, फक्त क्रम बदलू नका :

‘नदीचं पाणी वाढत आहे. खालच्या आळीतल्या आणि मळ्यातल्या सगळ्यांनी आज संध्याकाळी पाचच्या आत शाळेत यावं. पाणी उतरेपर्यंतच राहायचं आहे. गुरं सोबत आणा, मैदानात बांधायची सोय आहे. औषधं, आधार कार्ड, रेशन कार्ड, बाळाचं दूध पिशवीत घ्या. बाकी सामान उंचावर ठेवा, दाराला कुलूप लावा. घरी म्हातारं माणूस, आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तर या नंबरवर सांगा, न्यायला गाडी येईल.’

याखाली ज्याचा फोन रात्रीही उचलला जातो अशाच माणसाचा नंबर टाका. वेळ आकड्यात नव्हे, अक्षरांत लिहा. आणि शाळेत आलेल्या प्रत्येकाचं नाव दारातच वहीत घ्या. कोण आलं याबरोबर कोण यायचं राहिलं, हे रात्री नऊच्या आत कळायला हवं. त्या यादीसाठी खालच्या आळीतल्या घरांची नावं आत्ताच, पाऊस लागायच्या आधी, लिहून ठेवा. हे काम आठवीच्याच मुलांना द्या, प्रत्येकाला आपापली गल्ली. ज्याने तुम्हाला प्रश्न विचारला त्याला पहिली वही द्या.